पुंगी, जवारी आणि फझ

१९५४ साली ‘नागिन’ हा हिंदी चित्रपट आला आणि त्यातल्या पुंगीच्या सुरावटीने देशभर ठाण मांडले. संगीत हेमंतकुमारांचे होते. पडद्यावर पुंगी दिसते. ध्वनिमुद्रणाच्या वेळी मात्र तो आवाज दुसऱ्याच वाद्यांतून आला होता. हेमंतकुमारांचे सहायक रवी हार्मोनियमवर होते, आणि पुढे कल्याणजी-आनंदजी या जोडीतले म्हणून नावारूपाला आलेले कल्याणजी वीरजी शहा एका छोट्या विजेच्या वाद्यावर बोटे चालवत होते. त्या वाद्याचे नाव क्लॅव्हिओलिन. एका वाद्याचा आवाज दुसऱ्या, विजेवर चालणाऱ्या वाद्यातून काढण्याचा मुंबईतला हा सर्वांत गाजलेला प्रयोग. आज एखादा वादक गिटार-सिंथेसायझर घेऊन १९६०-७० च्या दशकांतल्या रॉक गिटारचा आवाज पुन्हा उभा करायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढेही हाच प्रश्न असतो: त्या आवाजातले नेमके काय उचलायचे?

क्लॅव्हिओलिन १९४७ मध्ये फ्रान्समधल्या कॉन्स्टन्ट मार्टिन यांनी तयार केले. तीन सप्तकांची लहान पट्टी, आत वॉल्व्हचे मंडल, सोबत वेगळी ध्वनिवर्धकाची पेटी, आणि आवाज कमी-जास्त करायला गुडघ्याने ढकलायचा दांडा अशी त्याची रचना. आवाजाची जात बदलायला आणि कंप देण्यासाठी पट्टीखाली बटणांची रांग असे. एका वेळी एकच स्वर वाजे. दोन पट्ट्या दाबल्या तरी दोन स्वर निघत नसत. पियानोवाल्याला ही उणीव वाटेल. पुंगीची नक्कल करणाऱ्याला मात्र तीच सोयीची ठरली.

पुंगीत भोपळ्याच्या आत वेताच्या किंवा बोरूच्या दोन जिव्हाळ्या असतात. त्यांना जोडलेल्या दोन नळ्यांपैकी एकीवर भोके असतात, तिच्यावर सुरावट वाजते. दुसरी नळी एकच स्वर धरून ठेवते. गारुडी गालांत हवा साठवून नाकाने श्वास घेतो, त्यामुळे आवाज मध्ये कुठे तुटत नाही. जिव्हाळी फडफडते तेव्हा हवेची वाट क्षणात उघडते, क्षणात मिटते. या उघडझापीमुळे आवाजात मूळ स्वराच्या पटींतले उपस्वर भरपूर येतात आणि त्याला तो चिरका, नाकातला रंग चढतो. क्लॅव्हिओलिनमधले मंडलही जवळजवळ तेच करी. वीज चालू, वीज बंद, अशा टोकदार ठोक्यांतून त्याचा स्वर तयार होई आणि मग बटणांनी त्यातले काही उपस्वर दाबले किंवा उठवले जात. विजेच्या मंडलाला श्वास घ्यावा लागत नाही, म्हणून अखंडपणाही आयताच मिळाला. धरून ठेवलेल्या स्वराचे काम हार्मोनियम सहज करू शकते.

तरंगाचा आकार जुळला, एवढ्यावर पुंगी उभी राहिली नसती. पट्टीच्या वाद्यावर मींड निघत नाही. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय त्यात नसते. पुंगीचा जीव मात्र लांब मींडेपेक्षा झटपट मुरकीत आणि थरथरत्या स्वरात असतो. भोकांवरून बोटे भराभर उचलली जातात आणि सुरावट वळवळत पुढे जाते. कल्याणजींनी हीच बोटांची चाल पट्टीवर आणली. ज्या हालचाली पट्टीवर जमतात, त्या पुंगीच्या मुख्य हालचाली निघाल्या, म्हणून नक्कल साधली. हेच वाद्य सारंगीची नक्कल करायला घेतले असते तर पहिल्याच मींडेला उघडे पडले असते.

१९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आल्यावर गारुड्यांचा धंदा हळूहळू बंद पडत गेला. आज शहरातल्या बहुतेकांच्या कानातली पुंगी ही खरे तर कल्याणजींच्या क्लॅव्हिओलिनची पुंगी आहे. नकलेने मुळाची जागा घेतल्याचे याहून ठसठशीत उदाहरण भारतीय संगीतात शोधूनही सापडायचे नाही.

हा आवाज गावोगाव पोचला तो आडवळणाने. १९५२ मध्ये नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण विश्वनाथ केसकर यांना चित्रपटगीते हलक्या दर्जाची वाटत. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून ती जवळजवळ हद्दपार झाली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली तेव्हा कुठे देशातल्या केंद्रांवर ती रीतसर परतली. दुसरी वाट तबकड्यांची. गाणे मुंबईत ध्वनिमुद्रित होई, पण एचएमव्हीचा तबकड्यांचा कारखाना कलकत्त्याजवळ दमदमला होता. या दोन शहरांना जोडणारा लोहमार्ग १८७० मध्ये जबलपूरला पूर्ण झाला होता. मुंबईहून आलेले आणि कलकत्त्याहून आलेले रूळ तिथे एकमेकांना मिळाले. १७८१ पासून सागरच्या मराठ्यांच्या आणि १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली राहिलेल्या या शहरात मराठी वस्ती जुनी आहे. हिंदी मुलखातली बारात आणि मराठी घरांतला गणेशोत्सव असे दोन्ही प्रसंग तिथे एकाच शहरात गाजतात, आणि दोन्हींना वाजंत्री लागतात.

लग्नाच्या बँडने ‘नागिन’ची सुरावट उचलली. बँडात क्लॅव्हिओलिन कुठून असणार? तिथे ते काम क्लॅरिनेटकडे गेले. क्लॅरिनेटही जिव्हाळीचेच वाद्य आहे, आणि ओठ सैल-घट्ट करून त्यावर स्वर घसरवता येतो. म्हणजे पुंगीची नक्कल क्लॅव्हिओलिनने केली आणि त्या नकलेची नक्कल पुन्हा श्वासाच्या वाद्याने केली. रुमालाचे टोक दातांत धरून त्याचीच पुंगी करायची आणि समोरच्याने हात डोक्यावर फण्यासारखे धरून डोलायचे, हा नाच जबलपूर, नागपूर, इंदूर कुठेही वरातीत पाहायला मिळतो. पुढे हातगाडीवर जनरेटर आणि भोंगे आले, त्यांच्यासोबत कीबोर्ड आला, आणि सुरावट पुन्हा विजेच्या वाद्याकडे परतली.

रॉक गिटारकडे वळताना एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. ज्या आवाजाची आज इतक्या निष्ठेने पुनर्निर्मिती केली जाते, तो स्वतःच नकलेतून जन्माला आला होता. अमेरिकेत नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाण्याच्या ध्वनिमुद्रणात मिश्रणयंत्राचा एक भाग बिघडला आणि ग्रेडी मार्टिन यांच्या बास गिटारचा आवाज फाटका, घोगरा होऊन बाहेर पडला. तो तसाच ठेवला गेला आणि लोकांना आवडला. ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड मुद्दाम घडवणारे ट्रान्झिस्टरचे मंडल बनवले, आणि गिब्सन कंपनीने १९६२ मध्ये ते ‘माएस्ट्रो फझ-टोन’ या नावाने पायाने दाबायच्या डबीत बाजारात आणले. जाहिरातीत सांगितले होते की ही डबी लावली की गिटारमधून ट्रम्पेट, ट्रॉम्बोन, ट्युबा, चेलो यांचे आवाज काढता येतील. गिटारवाल्यांनी फारसे मनावर घेतले नाही. मग १९६५ मध्ये रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्स यांनी ‘सॅटिस्फॅक्शन’ या गाण्यात ती वापरली, तीही पुढे पितळी वाद्यांनी वाजवायच्या सुरावटीचा कच्चा खर्डा म्हणून. खर्डाच तबकडीवर गेला. गाणे गाजले, डब्या संपल्या, आणि पितळी वाद्यांची फसलेली नक्कल हाच रॉक गिटारचा अस्सल आवाज ठरला.

फझ म्हणजे काय, हे मराठी वाचकाला मिरजेच्या वाटेने चटकन समजेल. तंबोऱ्याची घोडी सपाट नसते. तिच्या माथ्याला अगदी हलका उतार दिलेला असतो आणि तार त्या उतारावर ओझरती टेकत कंप पावते. तारेखाली सुताचा धागा, म्हणजे जीव, सरकवून ती टेक नेमकी करतात. मिरजेतल्या कारागिरांचे पूर्वज हत्यारे घडवणारे शिकलगार होते. एकोणिसाव्या शतकात ते सतार-तंबोऱ्याकडे वळले आणि आज मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन आहे. त्यांचे सगळ्यांत नाजूक काम म्हणजे जवारी काढणे, म्हणजे घोडीचा तो उतार नेमका घासून बसवणे. कानसाने घोडी अंमळ जास्त घासली गेली तर आवाज बसतो. मिरजेत राहिलेले किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ हे स्वतः जवारीचे जाणकार होते.

जवारीमुळे तारेच्या कंपनात खटका निर्माण होतो आणि त्या खटक्यातून उपस्वरांचा झोत उठतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये कलकत्त्याहून प्रसिद्ध केलेल्या निबंधात हे दाखवले होते. तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू असतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा नियम आहे. तंबोरा आणि वीणा तो नियम मोडतात, आणि त्याचे कारण घोडीवरची ती ओझरती टेक आहे. फझच्या डबीत हेच काम वीज करते. गिटारमधून येणारा तरंग एका मर्यादेपलीकडे वाढू दिला जात नाही. त्याचे शेंडे आणि तळ छाटले जातात, आणि छाटलेल्या कडांतून नवे उपस्वर फुटतात. घोडीवर हे लाकूड आणि तार करतात, डबीत ट्रान्झिस्टर करतो.

एक फरक मात्र मूलभूत आहे, आणि या सगळ्या विषयाची किल्ली त्यातच आहे. तंबोऱ्यावर प्रत्येक तारेची जवारी वेगळी असते. चार तारा चार वेगळे झोत सोडतात आणि ते हवेत एकत्र येतात. रॉक गिटारमध्ये सहाही तारांचे तरंग, कंपन विजेत बदलणाऱ्या पिकअपमध्ये, आधी मिसळतात आणि मग ती बेरीज छाटली जाते. बेरीज छाटली की दोन स्वरांच्या कंपनसंख्यांची वजाबाकी आणि बेरीज हेदेखील नवे स्वर म्हणून ऐकू येतात. गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर ८२.४ हर्ट्झचा. त्याचा पंचम १२३.५ हर्ट्झचा. दोन्ही एकत्र फझमधून गेले की त्यांच्यातला सुमारे ४१ हर्ट्झचा फरक, म्हणजे मूळ षड्जाचा खर्ज, कोणीही न वाजवता उभा राहतो. रॉकमधल्या जड, छातीवर आदळणाऱ्या ठोक्याचे रहस्य हेच. म्हणूनच त्या संगीतात नुसत्या सा-प जोडीला एवढे महत्त्व आहे. त्यात समविभागी सप्तकातला गंधार घातला की वजाबाकी नीट जुळत नाही आणि आवाज खडखडतो. तंबोराही सा-प मध्येच लावतात, पण तिथे तारांची छाटणी वेगवेगळी असल्याने हा खालचा स्वर त्या रीतीने जन्मत नाही. तंबोऱ्याचे सौंदर्य वरच्या उपस्वरांत, खास करून खर्जाच्या तारेतून उमटणाऱ्या गंधारात आहे.

या दोन जगांची देवाणघेवाण दोन्ही दिशांनी झाली. १९६७ मध्ये अमेरिकेत ‘कोरल’ नावाची विजेची सतार निघाली. ती खरे तर गिटारच होती. तिच्या घोडीला रुंद माथा देऊन जवारीसारखा झणकार काढला होता. इकडे भारतात हवाई गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवण्याची रीत रुळली होती. व्हॅन शिप्ले यांनी आपल्यासाठी आठ तारांची विजेची गिटार घडवून घेतली आणि चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्या काढल्या. ब्रिजभूषण काब्रा यांनी हवाई गिटारवर राग मांडले आणि १९६७ च्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या तबकडीत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीला ते होते.

मुंबईच्या चित्रपटसंगीतात उभ्या विजेच्या गिटारचा ठसा राहुलदेव बर्मन यांच्या काळात खोल उमटला. ‘हरे रामा हरे कृष्णा’ मधल्या ‘दम मारो दम’ या गाण्यात गिटार भूपिंदर सिंग यांची होती. पुढे गझलगायक म्हणून ओळखले गेलेले हेच ते भूपिंदर. त्याच गाण्यात चरणजित सिंग ट्रान्झिकॉर्ड, म्हणजे विजेचे अकॉर्डियन, वाजवत होते. याच सुमारास सिमला सिगारेटच्या नावाने भरणाऱ्या ‘सिमला बीट’ स्पर्धेतून देशभरचे हौशी रॉक संच पुढे आले. १९७० आणि १९७१ च्या त्या स्पर्धांच्या तबकड्या आजही संग्राहक जपून ठेवतात. परदेशी गिटार, अॅम्प्लिफायर आणि डब्या आणणे आयातीच्या बंधनांमुळे अतिशय अवघड होते. कलकत्त्याच्या गिवसन गिटारींवर कित्येकांनी हात बसवला, आणि सभेसाठी बनवलेले अॅम्प्लिफायर गिटारला लावले गेले.

या टंचाईतूनच महाराष्ट्रात एक देशी वाद्य रॉकच्या आवाजाजवळ जाऊन पोचले, आणि त्याची दखल संगीताच्या इतिहासात फार कमी घेतली गेली आहे. ते म्हणजे बेंजो. मूळ जपानी ‘ताइशोगोतो’, १९१२ मध्ये नागोया येथे गोरो मोरिता यांनी बनवलेले. टाइपरायटरसारखी बटणे दाबली की तारेची लांबी बदलते. भारतात ते बुलबुलतरंग म्हणून आले. मुंबई-कोकणातल्या बेंजो पार्ट्यांनी त्याला पिकअप बसवला, ताकदीपलीकडे खेचलेल्या अॅम्प्लिफायरला जोडले आणि भोंग्यांतून गणपतीच्या मिरवणुकीत सोडले. अॅम्प्लिफायर तरंगाचे शेंडे छाटतो, भोंगा खालचे आणि अगदी वरचे स्वर गाळतो, आणि उरतो तो मधल्या सप्तकातला फाटका, ओरडणारा आवाज. रॉक गिटारची ओळख ज्या साखळीतून घडली, जवळपास तीच ही साखळी आहे. बेंजोवाल्यांनी ती कोणाचे अनुकरण म्हणून उभी केली नव्हती. गर्दीवर आवाज चढवायचा होता. २०१६ मध्ये रवी जाधव यांनी ‘बँजो’ हा हिंदी चित्रपट काढला तेव्हा या वादकांना मोठ्या पडद्यावर मध्यभागी जागा मिळाली.

सिंथेसायझर भारतात आला तो आधी प्रयोगशाळेत. १९६९ मध्ये अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मूग कंपनीचा मोठा सिंथेसायझर बसवला आणि गीता साराभाई, अतुल देसाई आदींनी तिथे काही वर्षे काम केले. चित्रपटसंगीतात मिनिमूग आणण्याचे श्रेय केर्सी लॉर्ड यांना दिले जाते. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीची ही गोष्ट. पण नकलेच्या इतिहासात सर्वांत लक्षणीय नाव चरणजित सिंग यांचे आहे. ते स्वतः गिटार आणि बास गिटार वाजवत. १९८२ मध्ये एचएमव्हीने त्यांची दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधलेली तबकडी काढली. तिच्यात जपानच्या रोलंड कंपनीची तीन यंत्रे होती: ज्युपिटर-८, ठेक्यासाठी टीआर-८०८ आणि बाससाठी टीबी-३०३. यातली शेवटची पेटी एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवाल्याला बास गिटारची साथ मिळावी म्हणून बनवली होती. बास गिटारसारखी ती मुळीच वाजत नसे आणि लवकरच बंद पडली. तिच्यात एक स्वर दुसऱ्यात घसरवण्याची सोय होती. पाश्चात्त्य खरेदीदाराला ती किरकोळ वाटली असेल; रागाला मात्र मींडेशिवाय चालत नाही, आणि चरणजित सिंग यांनी नेमकी तीच पकडली. १९८७ मध्ये शिकागोच्या वादकांनी याच पेटीतून ‘अॅसिड हाउस’ नावाची नृत्यसंगीताची शैली काढली. मुंबईची तबकडी तोवर विस्मरणात गेली होती. २०१० मध्ये ती परदेशात पुन्हा प्रसिद्ध झाल्यावर जगाला तिचा पत्ता लागला.

गिटार आणि सिंथेसायझर यांना एकत्र बांधण्याचा गंभीर प्रयत्न १९७७ मध्ये झाला. त्या वर्षी रोलंडने जीआर-५०० आणि अमेरिकेच्या एआरपी कंपनीने अवतार हे यंत्र आणले. दोन्हींत प्रत्येक तारेखाली वेगळा पिकअप होता. अवतारने एआरपीला तारण्याऐवजी खोल गाळात घातले. रोलंड टिकून राहिली. १९८० चा जीआर-३०० हा त्या काळचा सर्वांत सुरेल गिटार-सिंथ; गिटारवादक पॅट मेथनी यांच्या १९८२ च्या ‘ऑफरॅम्प’ या तबकडीत त्याचा आवाज ट्रम्पेटच्या जवळ जातो. फझच्या डबीने जे वचन दिले होते ते वीस वर्षांनी असे पुरे झाले.

या यंत्रांची खरी अडचण काळाची आहे. तारेचा स्वर ओळखायचा तर तिचे किमान एक कंपन पुरे होऊ द्यावे लागते, खात्रीसाठी दोन. ८२.४ हर्ट्झच्या तारेचे एक कंपन सुमारे १२ मिलिसेकंदांचे, दोन म्हणजे २४. सर्वांत बारीक तारेला, ३२९.६ हर्ट्झला, एका कंपनासाठी ३ मिलिसेकंद पुरतात. त्यामुळे वरच्या तारा चटकन बोलतात आणि जाड तारा मागे रेंगाळतात; दहा-पंधरा मिलिसेकंदांपुढचा उशीर वादकाच्या हाताला खटकू लागतो. त्यात पहिल्या क्षणी नखीचा खरखराट असतो, स्वर असा नसतोच. १९८३ मध्ये मिडी हा संकेत आल्यावर यंत्रे स्वरांचे आकडे पाठवू लागली आणि आणखी एक पेच आला. तार ओढून काढलेली मींड आकड्यांत बसवायची तर प्रत्येक तारेला स्वतंत्र वाहिनी द्यावी लागते आणि दोन्ही यंत्रांत स्वर वाकवण्याची मर्यादा सारखी ठेवावी लागते. ती जुळली नाही तर ओढलेला निषाद षड्जाला पोचतच नाही, किंवा त्याच्याही पुढे जातो. सतारीवर पाच स्वरांची मींड ऐकलेल्या कानाला ही चूक लगेच कळते.

१९९५ मध्ये रोलंडने व्हीजी-८ काढला आणि वेगळी वाट धरली. स्वर ओळखायचा आणि मग दुसराच आवाज सुरू करायचा, हे सोडून देऊन तारेचा मूळ तरंगच गणिताने बदलायचा: अमुक गिटारचे लाकूड, अमुक पिकअप, अमुक अॅम्प्लिफायर यांतून तो गेला असता तर कसा झाला असता, तसा. ओळखण्याचा उशीर संपला, नखीचा खरखराट आणि बोटांची थरथर जशीच्या तशी राहिली. २००७ चा व्हीजी-९९, २०११ चा जीआर-५५ आणि रोलंडच्याच बॉस या छापाचा एसवाय-१००० ही याच वाटेवरची पुढली ठाणी. जीआर-५५ मध्ये नमुना-ध्वनींचे दोन भाग, तरंग बदलणारा एक भाग आणि गिटारचा साधा पिकअप असे चार स्रोत एकत्र मिसळता येतात.

अशा यंत्रावर १९६० च्या दशकाच्या अखेरचा ब्रिटिश रॉक आवाज उभा करायचा तर आधी त्याची मूळ साखळी माहीत हवी. गिब्सनने १९५७ पासून बसवलेला दुहेरी गुंडाळीचा हंबकर पिकअप. फेंडर कंपनीच्या बासमन या अॅम्प्लिफायरच्या मंडलावरून लंडनमध्ये जिम मार्शल यांनी १९६२ पासून बनवलेला वॉल्व्हचा अॅम्प्लिफायर. आणि चार बारा-इंची ध्वनिवर्धकांची बंद पेटी. यातली पेटी नवशिका नेहमी विसरतो. गिटारचे ध्वनिवर्धक साधारण ५,००० हर्ट्झच्या वरचे फारसे काही वाजवत नाहीत. छाटलेल्या तरंगातले कर्कश उपस्वर तिथे गाळले जातात आणि आवाजाला अंग येते. पेटीचे अनुकरण न लावता फझ थेट हेडफोनमध्ये ऐकला तर माशी घोंगावल्यासारखा वाटतो. नमुना-ध्वनींतली तयार ‘डिस्टॉर्शन गिटार’ टाळावी. तिच्यात कोणा दुसऱ्याच्या हाताने वाजलेला एक क्षण गोठलेला असतो आणि वादकाची मींड त्याला चिकटत नाही. तरंग बदलणारा भाग घ्यावा आणि मुख्य म्हणजे सहा तारांची छाटणी वेगवेगळी करू नये. अनेक यंत्रांत ती सोय मोठ्या हौसेने दिलेली असते, आणि तिच्यातून निघणारा आवाज स्वच्छ, तारा सुट्या असलेला, तंबोऱ्याच्या कुळातला असतो. सहाही तारा आधी एकत्र मिसळायच्या, मग छाटायच्या. सा-प वाजवल्यावर खालून खर्ज उठला की साखळी बरोबर लागली आहे असे समजावे. सिंथचे स्वर त्याच्या खाली, न ओळखू येतील इतके हलके ठेवावेत. मूळ ध्वनिमुद्रणात एकाच गिटारचे दोन-तीन थर असत, त्यांची भरणी त्यातून होते.

लहान शहरांतल्या ऑर्केस्ट्रांना हा सगळा पसारा परवडत नसे, आणि त्यांनी वेगळा तोडगा काढला. १९९१ मध्ये जगभरच्या कीबोर्डांसाठी १२८ आवाजांची एक ठराविक यादी मान्य झाली. तिच्यात ३१ वी डिस्टॉर्शन गिटार, १०५ वी सतार आणि ११२ वी शहनाई आहे. ज्याला सगळे सरसकट कॅसिओ म्हणतात तो कीबोर्ड घेऊन बसणारा वादक उजव्या हाताने गिटारची सुरावट वाजवतो आणि डाव्या हाताने स्वर वाकवायचे चाक फिरवतो. आवाज यंत्राचा असतो, आणि जाणकार वादक चाक असे फिरवतो की तार ओढल्याचा भास व्हावा: आधी खालचा स्वर, मग सावकाश चढ, वर पोचल्यावर थरथर. मंडपातल्या श्रोत्यांना तेवढ्यावर गिटार दिसू लागते. कल्याणजींनी पट्टीवर पुंगीच्या मुरक्या घेतल्या तेव्हाची पद्धत हीच होती.

रॉक आवाजातली एक गोष्ट मात्र यंत्राच्या पोटातून निघत नाही. मोठ्या ध्वनिवर्धकासमोर गिटार घेऊन उभे राहिले की हवेतला आवाज तारेला ढकलतो, तार पुन्हा पिकअपला सांगते, आणि स्वर विरून न जाता वाढत जाऊन अखेर आपल्याच एखाद्या वरच्या उपस्वरात उडी मारतो. रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स यांच्या वादनातले लांब आक्रोश असे घडले. त्याला जागा, आवाज आणि वादकाची पावले लागतात. अर्धा पाऊल पुढे-मागे झाले तर स्वर बदलतो. घरी काम करणाऱ्यासाठी यावर उपाय म्हणजे तारेला चुंबकाने हलवत ठेवणारी साधने. ग्रेग हीट यांचे ईबो हे हातात धरायचे साधन १९७० च्या दशकात निघाले आणि नंतर गिटारमध्येच बसवायचे सस्टेनर आले. यांतले कोणतेही लावले तर गिटार-सिंथलाही फायदा होतो, कारण तार न थांबता कंप पावत राहिली की तिचा स्वर ओळखणे सोपे जाते. ईबो एका वेळी एकाच तारेवर चालतो, म्हणून सा-प जोडीवर त्याचा उपयोग नाही. तिथे अजूनही छोटा का होईना, पण खरा ध्वनिवर्धक गिटारसमोर ठेवावा लागतो.